पाणंद नव्हती, असं मी सांगितलं

तिरडी आमच्या खांद्यावर होती आणि रिसॉर्टचं गेट बंद होतं.

"आजोबा, समजून घ्या," मॅनेजर म्हणाला. "गेस्ट नाश्त्याला बसलेत. मागून न्या ना."

मागून म्हणजे खाजणातून. भरती नुकतीच उतरलेली. गुडघाभर चिखल.

तिरडीवर माझा चुलतभाऊ शांताराम. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही वळलो. एकाचा पाय रुतला, तिरडी कलली, पांढऱ्या कापडाची कड चिखलात गेली. शांतारामची बायको सुमन बांधावरून बघत होती. भिंतीपलीकडे पोहण्याच्या तलावात कुणीतरी हसलं. आम्हाला नव्हे. पण हसलं.

माझ्या आज्यालाही असंच नेलं होतं. आमचं मढं गावातून न्यायची बंदी होती. मी सात-आठ वर्षांचा होतो. पुढे धम्म घेतल्यावर माझ्या बापाने वाडीतली माणसं जमवली, कोयत्यांनी निवडुंग तोडला आणि बौद्धवाडीपासून किनाऱ्यावरच्या स्मशानापर्यंत सरळ पाणंद काढली. गावाने कित्येक दिवस कुणाला कामावर बोलावलं नाही. पाणंद राहिली.

ती मी घालवली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आमची वाडी गावाच्या पार टोकाला, खाऱ्या वाऱ्यात. कुणालाच नको म्हणून आम्हाला मिळालेली जागा. मग मुंबई-पुण्याची माणसं समुद्र शोधत आली आणि तीच जागा सोन्याची झाली. एका खळ्याभोवती समोरासमोर बसलेली आमची घरं एकमेकांकडे पाठ करून गाड्यांच्या वाटेकडे बघू लागली. शांतारामचं घर समुद्राच्या अंगाला. माझं मागे. मी निवृत्त मास्तर, तो नाक्यावर सायकली दुरुस्त करणारा. त्याने तीन खोल्या बांधल्या, पाटी लावली. किनाऱ्याच्या रस्त्याने आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या पाणंदीतून थेट त्याच्या दारात. सुमनच्या हातचं बोंबलाचं कालवण खाऊन लोक तिच्यासोबत फोटो काढायचे. मी ओटीवर पेपर घेऊन बसायचो. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो.

"दादा, तू पन दोन खोल्या काड," तो म्हणायचा. "माज्याकडं जागा न्हाय ऱ्हायली का तुज्याकडं धाडीन."

त्याचं उरलेलं गिऱ्हाईक. मला. ते फार झोंबलं.

मग पाणंदीच्या दोन्ही बाजूंची जमीन एका शेठने रिसॉर्टसाठी घेतली. पाणंद नकाशात नव्हतीच. ती बंद होऊ नये म्हणून शांतारामने तालुक्याला अर्ज केला. नकाशात नसलेली वाट म्हाताऱ्यांच्या जबाबावर ठरते. वाडीने मला धाडलं. वयाने मोठा, शिकलेला, पाणंद काढणाऱ्याचा मुलगा.

"वाट पूर्वापार आहे का?" कचेरीत साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "शांतारामने हल्लीच गाड्यांसाठी केली."

खाली सही केली. शेठने मला काही दिलं नव्हतं. मला फक्त त्या गाड्या थांबायला हव्या होत्या.

थांबल्या. भिंत आली, गेट आलं. शांतारामच्या खोल्यांना कुलपं लागली. तो वाडीत सांगत फिरायचा, "शेठनं सायबाला फिरवला. दादा तरी काय करील?"

स्मशानात त्रिशरण झालं. मी मागे वळून पाहिलं. त्याच्यासाठी तीन गावांतली माणसं चिखल तुडवत आली होती. माझ्यासाठी एवढी येणार नाहीत, असं मनात आलं. तेव्हा कळलं, मी जळत्या चितेसमोर उभा राहून त्याच्यावर जळत होतो.

मॅनेजरने आम्हाला मागे वळवलं. पण त्या गेटची जागा मीच करून दिली होती. बापाने तोडलेला निवडुंग मीच परत लावला होता.

संध्याकाळी सुमनला सांगितलं.

"मला काय सांगताव, भावजी? कचेरीत सांगा."

आणि तिने दार लावलं.

सोमवारी मी कचेरीत जाणार आहे. कागद लिहून ठेवलाय. पहिली ओळ : माझा आधीचा जबाब खोटा आहे. त्याआधी रविवारी तो खळ्यात सगळ्यांसमोर वाचणार आहे. वाडी थुंकली तर थुंकू दे. शिक्षा झाली तर होऊ दे.

मुलालाही बजावलंय. मी मेलो आणि तोवर वाट उघडली नसली, तर मला खाजणातून न्यायचं नाही. तिरडी गेटसमोर ठेवायची. नाश्ता असो, जेवण असो. गेट उघडेपर्यंत उचलायची नाही.