यंत्राला सुतक ठाऊक नाही

आमच्या बेटावर माणूस गेला की त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं. नाव घेतलं तर त्याचा जीव माघारी ओढला जातो. म्हणून लोरेटाच्या भावाचं नाव मीही सांगणार नाही. त्याच्याच नावाचा दुकानदार तर बिचारा सध्या बिननावाचा होऊन बसलाय.

तसा तो तिचा मावसभाऊ. पण आमच्यात मावशी म्हणजे आईच. माय मरो, मावशी जगो म्हणतात, तसं ग्वेनीमावशीनेच लोरेटाला वाढवलं. भावाने तिला संगणक शिकवला आणि दोघांनी मिळून म्हाताऱ्यांच्या गाण्यांची वेबसाइट उभी केली. कुणी गाणं मागितलं की वेबसाइटची एक प्रोग्राम-फाइल गाण्यांच्या साठ्याच्या, म्हणजे डेटाबेसच्या, दारात जाऊन तिच्यात लिहिलेलं नाव आणि पासवर्ड सांगते, मग आत शिरते. ते नाव त्याने स्वतःचंच ठेवलं होतं. "म्हणजे गेल्यावरही मी कामाला जुंपलेलाच!" असं म्हणून हसायचा.

मग तो समुद्रात बुडाला. त्या फाइलमधलं नाव बदलणं लोरेटाच्या हातचा मळ होता, पण तिने बदललं नाही. सगळं बेट गप्प झालेलं असताना एक यंत्र तरी त्याचं नाव घेत होतं, आणि तिला ते हवं होतं. पुढे डार्विन शहरातल्या सर्व्हरवाल्यांनी कळवलं, की जुना पासवर्ड बंद होतोय, नवा घाला. तेव्हाही तिने ती फाइल उघडली नाही. उघडली की नाव दिसणार!

आमच्यात अंत्यविधी काही महिन्यांनी होतो. त्याला वेबसाइटवरचं त्याच्या आजोबांचं गाणं लावायचं होतं. सगळे जमले, लोरेटाने बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर चूक उमटली: अमक्याला प्रवेश नाकारला आहे. अमक्याच्या जागी त्याचं नाव.

ग्वेनीमावशीने ते वाचलं. "माझ्या लेकराला दाराबाहेर कुणी उभं केलं ग?"

लोरेटाने धावत जाऊन पडदा बंद केला. "मी, आई."

"इतके दिवस नाव आत ठेवलंस?"

"हो."

"वेडे, मग तो जाणार कसा? तू धरून ठेवलायस त्याला. सोड आता."

लोरेटाने डेटाबेसमध्ये नवं नाव, नवा पासवर्ड तयार केला. मग ती फाइल उघडली आणि भावाचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. नाव पुन्हा दिसू नये म्हणून मावशी तिच्याकडे पाठ करून बसली होती.

गाणं लागलं. सगळे त्याच्यासाठी रडले, मोकळे झाले. लोरेटाला मात्र रडू आवरेना. त्याला हाक मारणारं आता बेटावर कुणीच उरलं नव्हतं.