आतली फिरकी

आतली फिरकी मारल्यानं पूलच्या टेबलाचं कापड फाटत नाही. आमच्या कंपनीच्या क्लबात गेली सात वर्षं सगळे उलटं समजत आले, आणि त्याला कारण मी. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

ते टेबल एका परदेशी इंजिनिअरनं मागवलेलं. कारखाना उभा करून तो गेला, टेबल राहिलं. साहेबलोकांना पूल, आम्हा कामगारांना कॅरम, अशी वाटणी होती. पण तो असतानाच त्याच्या काठीच्या टोकाची पितळी कडी तुटली होती आणि आमच्या खात्यातल्या टर्नरदादांनी लेथवर नवी करून दिली होती. बदल्यात त्यानं दादांना खेळ शिकवला. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती, नुसत्या हातांनी शिकवला. पुढं दादांनीच क्लबाच्या कमिटीकडे खेटे घालून कामगारांसाठी रविवारची सकाळ मिळवली. काळेवाडीहून मी सायकल मारत सगळ्यांच्या आधी पोचायचो.

दादा थेरगावचे. बोलणं मोजकं. आतली फिरकी म्हणजे काय, तर गोळा डावीकडे कापायचा, म्हणजे तिरका घालवायचा असला की ज्यानं मारतो त्या पांढऱ्या गोळ्याच्याही डाव्याच अंगाला काठी लावायची. म्हणजे पांढरा टेबलाच्या काठच्या रबरावर आपटून भलतीकडे पळत नाही, आवरतो. मात्र नेम जरा हलतो, म्हणून लोक तिला भितात. मीही भ्यायचो. ऐन वेळी हात आखडायचा.

दादा म्हणायचे, "लेथवर कट घेताना हात आखडला तर काय व्हतं?"

"जॉबच्या लोखंडावर वळ उठतो."

"मग हितं का आखडतोस, राव? नेम धरताना काय भ्यायचं ते भी. काठी निघाली की भ्यायचं न्हाई."

सात वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक दिनाला शेवटचा सामना माझा आणि आमच्या खात्याच्या साहेबांचा लागला. चार्जमनच्या बढतीच्या जागेसाठीची नावं तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती. मधेच त्यांनी एक फटका जोरात, खालून मारला आणि काठीचं टोक कापडात घुसलं. बोटभर फाटलं. मी शेजारीच होतो, मी पाहिलं. त्यांनी हातानं कापड सारखं केलं आणि बाजूला झाले.

माझा एक गोळा आणि शेवटी घालायचा काळा, एवढंच उरलं होतं. दादांनी भिंतीजवळून डावा अंगठा दाखवला. आतली. मी वाकलो, साहेबांचे बूट दिसले, आणि काठी पांढऱ्याच्या मधोमध मारली. गोळा गेला, त्यामागं पांढरा फिरत फिरत कोपऱ्यातल्या पॉकेटात गेला. पांढरा गेला की पाळी समोरच्याची; साहेबांनी काळा घातला. हरलो, त्याचं एवढं काही नाही.

क्लबाच्या सेक्रेटरींना फाटलेलं दिसलं. कुणी फाडलं, म्हणाले. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलायची गरज पडली नाही.

मी म्हणालो, "माझ्याकडनं झालं. आतली मारायला गेलो."

न मारलेल्या फटक्याचं पाप मी त्या फिरकीवर घातलं. दादांनी मान खाली घातली. मग नोटीस लागली: कामगारांच्या खेळण्यानं कापडाचं नुकसान होतं, रविवारची सकाळ बंद. महिन्याभरात मी चार्जमन झालो. दादा माझ्याच हाताखाली लेथ चालवत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा ते रिटायर होणार. वार्षिक दिनाला मी टेबलाशी गेलो. चार्जमनला आता कोण अडवतो? तेच साहेब समोर होते, केस पांढरे झालेले. तसाच कापायचा गोळा आला. साहेब हसत म्हणाले, "सरळ मार रे, नवं कापड आहे."

"आतलीच मारणार, साहेब."

मारली. हात आखडला नाही. पांढरा रबराला लागून जिथं यायला हवा तिथं येऊन थांबला. गोळा मात्र पॉकेटाच्या तोंडाशी खडखडला आणि बाहेरच राहिला. चुकला तर चुकला. मी सेक्रेटरींचा हात धरून कापडावरनं फिरवला. "बघा. कुठं फाटलंय? तेव्हाही माझ्यानं फाटलं नव्हतं. मी आतली मारलीच नव्हती. खोटं बोललो, जागेसाठी." कुणाच्या काठीनं फाटलं तेही सांगितलं. साहेबांनी काठी स्टँडला लावली आणि ते बाहेर गेले. माझं पुढं काय करायचं ते करोत.

दादा भिंतीपाशीच उभे होते. ते टेबलाजवळ आले, पॉकेटाच्या तोंडाशी अडकलेला गोळा उचलून त्यांनी पुन्हा होता तिथं ठेवला.

"जाड लागली, लई मधे," ते म्हणाले. "जरा बारीक, कडेला घे. परत मार."

रविवारच्या सकाळसाठी कमिटीला नवा अर्ज केलाय. पहिली सही माझी आहे, आणि जुनी नोटीस का चुकीची होती तेही मीच माझ्या अक्षरात लिहिलंय.