फर्दापूरच्या डोंगरातली खोली

औरंगपुऱ्यात गाड्यावर कणसं भाजताना धुराचा वास आला, की फर्दापूरच्या वरच्या डोंगरातली ती दगडी खोली आठवते. तिथं वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांचं सगळं आम्ही दोघंच करत होतो. शेवटी नणंद म्हणाली, "दोन दिवस अण्णांकडं मी बघते, तुम्ही जरा जाऊन या." पोचलो तेव्हा आम्हाला बोलायचंही त्राण नव्हतं. तरी नवरा घरी फोन लागतो का ते बघायला तीनदा टेकडी चढला. खोली सांभाळणारी धनगराची बाई चुलीपुढून बघत होती. म्हणाली, "लई दमलात वो तुमी. भाकर खा अन् पडा. डोंगर कुठं जात नाय." दुपारी पडलो ते दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आल्यावरच उठलो. चहा पिताना नवरा खाली बघत म्हणाला, "काल टेकडीवर रेंज आली अन् फोन वाजला ना, तेव्हा वाटलं, अण्णा गेल्याचा निरोप असेल. अन् असला तर सुटलो, असंही वाटलं." त्याच्या हातातला कप मी खाली ठेवला. म्हटलं, "मला तर रोज वाटतं." त्याच दुपारी, एक दिवस आधीच, आम्ही घरी परतलो. अण्णा पुढं दोन वर्षं जगले. ते बोलणं आम्ही पुन्हा कधी काढलं नाही. अजून थकवा पुरता गेलेला नाही. पण त्या दिवसानंतर अण्णांची कूस बदलताना आम्ही एकमेकांची नजर चुकवायचं सोडलं, एवढं मात्र आज नक्की सांगता येतं.