पेंढ्याच्या खोक्यातला भात

ओल्या फडक्याने गॅसची टाकी पुसायची आणि समोर पाटावर बसून राहायचं. टाकीचा वरचा भाग भराभर वाळतो. खाली, जिथवर आत गॅस शिल्लक असतो तिथवर, ओल टिकून राहते. दोन्हींच्या मध्ये क्षणभर एक अंधूक रेघ दिसते. ती दिसली की खडूने खूण करायची.

हे मला शेजारच्या चाचींनी दाखवलं. त्यांचे यजमान मस्कतला होते आणि त्यांच्याकडे गॅस आमच्या आधी आला होता. मी लग्न होऊन पेणजवळच्या गावातून रोह्याला, म्हणजे पुलापलीकडे अष्टमीत आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तरी ती रेघ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फोडणी जळेपर्यंत टाकीपुढे बसून राहिले. असं का होतं ते पुस्तकातल्या शब्दांत मला सांगता आलं असतं. पण पुस्तकातलं ते सगळं ओट्याखाली, झुरळांच्या शेजारी, रोज घडत असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमान कंपनीत शिफ्टला जायचे. सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांना दोन गोष्टी होत्या, एक दमा आणि दुसरी जीभ. दोन्ही जोरात असायच्या.

त्या आषाढात आमची एकुलती एक टाकी संपली आणि नवीन टाकीचा नंबर यायला अजून दहा-बारा दिवस होते. गॅस आला म्हणून रेशनकार्डावर शिक्का पडला होता, त्यामुळे रॉकेल मिळायचं ते नावापुरतंच. मग मागच्या पडवीतली जुनी चूल पेटवली. लाकडं ओली होती. धूर पडवीतून घरात आला आणि तिसऱ्या दिवशी आई अंथरुणाच्या गुंडाळीला टेकून बसल्या, त्या बसूनच राहिल्या. आडवं होता येईना. "पा...णी...दे" एवढी तीन अक्षरं त्यांना तीन श्वासांत बोलावी लागत होती. रिक्षाने पूल ओलांडून डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "पुन्हा धूर नको. दर वेळी असंच निभावेल असं नाही."

त्या दिवसांत घर इतकं गप्प होतं की मला करमेना. ज्या बाईच्या बोलण्याला मी सुरुवातीला घाबरायचे, तिचं बोलणं कानावर पडावं म्हणून मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त टाकून पाहिलं होतं. त्यांनी नुसता हात हलवला.

तेव्हापासून मी टाकीवर खडूच्या खुणा करू लागले. एकच ठरवलं होतं, पुढचा नंबर येईपर्यंत चूल पेटवायची वेळ येऊ द्यायची नाही.

बचत आईंनाही कुणी शिकवायला नको होती. डाळ रात्रीच भिजत घालायच्या. भाजीच्या टोपावर झाकण म्हणून पाण्याचं भांडं ठेवायच्या आणि तेच कोमट पाणी भाजीत ओतायच्या. अंघोळीच्या पाण्यासाठी एका डब्याला बाहेरून तव्याची काजळी फासून तो उन्हात ठेवायच्या. पावसाळ्यात मात्र ऊन कुठलं? आणि भात तर दोन वेळचा. आमचा तांदूळ जाड, शिजायला वेळ घेणारा. टाकी खरी खायचा तो भातच.

भाद्रपदात माझे बाबा गणपती घेऊन आले. बाबा हमरापूरला मूर्तींच्या कारखान्यात मूर्ती भरायचं काम करायचे. रंगवणारे वेगळे, घडवणारे वेगळे. बाबांचं काम तयार मूर्ती लाकडी खोक्यात पेंढा घालून अशी बसवायची की ती मुंबईला, सुरतेला, कुठेही जावो, तिच्या नखालाही धक्का लागता कामा नये. आमचा गणपतीही त्यांनी तसाच भरून, एसटीत मांडीवर खोका घेऊन आणला. गणपती बसले, विसर्जन झालं, आणि पेंढ्याचा खोका पडवीत उरला.

गणपतीच्या मोदकांनी आणि पाहुण्यांच्या चहाने टाकीवरची रेघ बरीच खाली गेली होती. नंबर अजून लांब होता. मी रोज दोनदा टाकी पुसायला लागले. आई म्हणायच्या, "अगो, पुसून पुसून झिजेल ती. गॅस नाय वाढायचा!"

एका पावसाळी सकाळी चाचींची मांजर त्या खोक्यात जाऊन झोपली होती. मी तिला हाकललं आणि पेंढा सारखा करायला हात घातला. तो खळगा गरम होता. मांजर पुलापर्यंत पळाली असेल, तरी गरम. मी हात तसाच ठेवून उभी राहिले.

मग मला आठवलं. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. बाबा तो डबा घेऊन पेंढ्याच्या ढिगात खोचून ठेवायचे आणि दोन-तीन तासांनी जेवायला बसायचे तेव्हा पेजेतून वाफ यायची. आणि नववीत आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं, उष्णतेचे दुर्वाहक: लाकूड, लोकर, पेंढा, हवा. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पैकीच्या पैकी गुण मिळवले. ज्या पेंढ्यावर माझ्या बापाचं पोट चालत होतं आणि माझी फी भरली जात होती, तोच हा पेंढा, हे मात्र लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच दिवशी मी भाताला चांगली उकळी आणली, थोडा वेळ झाकून खदखदू दिला, गॅस बंद केला आणि टोप खोक्यात ठेवला. कसा भरायचा ते मला शिकावं लागलं नाही. लहानपणापासून बाबांचे हात पाहिले होते. बुडाला घट्ट, कमरेला घट्ट, कोपऱ्यांत बोटांनी दाबून. टोप जराही हलेना. मला फार अभिमान वाटला.

आई दारात उभ्या होत्या. "अंडी उबवायला बसवलीस काय गो?"

"भात शिजेल यात, आई."

"गॅस बंद करून? कॉलेजात हेच शिकवलं व्हय?"

दुपारी टोप काढला. भात कोमट आणि मधे कणी. परत गॅसवर चढवला, पाणी आटवता आटवता रोजच्यापेक्षा जास्तच गॅस गेला. दुसऱ्या दिवशी उकळी जास्त दिली. कणी. तिसऱ्या दिवशी पेंढा आणखी घट्ट दाबला. कणी. पेंढा दमट झाला असेल म्हणून पावसाची उघडीप मिळाली तेवढ्यात तो अंगणात पसरला, परत भरला. तरी कणी. यजमान शिफ्टवरून येऊन न बोलता जेवायचे. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "आज दात चांगले घासून निघाले."

रेघ आणखी खाली आली. मी खोका देऊन टाकायचं ठरवलं. चाचींना कोंबड्यांसाठी हवाच होता. पण मनातलं कुतूहल काही जाईना. पुस्तक चूक नाही, मांजर चूक नाही, बाबांच्या पेजेची वाफ चूक नाही. मग चुकतंय ते काय?

पाचव्या दिवशी मी टोप भरून ठेवला आणि नळावर पाणी आलं म्हणून गेले. परत आले तर आई खोक्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. टोपाच्या झाकणावर हात धरून.

"बघ इथं," त्या म्हणाल्या. "सगळी ऊब हितून चाललीय. वर पेंढा का नाय घातलास?"

मी पाहिलं. टोप गळ्यापर्यंत पेंढ्यात गच्च रुतलेला, आणि झाकण पूर्ण उघडं. पाच दिवस मी तो असाच भरत होते.

"वर नाही घालायचा," मी म्हणाले. "तोंडाला पेंढा लावायचा नसतो. डोळ्यांचा रंग जातो."

बोलून झाल्यावर मलाच माझं ऐकू आलं. कारखान्यात पहिला नियम हाच होता. मूर्तीचं तोंड मोकळं. सोंडेवर, डोळ्यांवर काडी टेकता कामा नये, वर फळी आणि मधे रिकामी जागा. मला कुणी हा नियम असा सांगितला नव्हता. तो माझ्या हातात होता.

आई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "अगो, तुझा बाप देव भरतो! देवाला श्वास घ्यायला लागतो. भाताला कशाला?"

त्यांनी उठून एक जुना अभ्रा काढला, त्यात उरलेला पेंढा ठासला, तोंड शिवलं आणि ती उशी झाकणावर दाबून बसवली. वर फळी, फळीवर पाटा.

"आता जेवायच्या वेळेपर्यंत उघडायचं नाय. सारखी जाऊन बघशील तर हात मोडीन."

ती दुपार मला अजून आठवते. मी तीन वेळा खोक्यापर्यंत गेले आणि तीन वेळा परत आले. चौथ्या वेळी गेले तर आईच तिथे होत्या. फळीला कान लावून.

"काय ऐकताय?"

"काय नाय. गप बसलाय."

फळी काढली, उशी काढली, झाकण उचललं. वाफ आली. शीत न् शीत मोकळं, मधेही मऊ. आईंनी एक शीत बोटांत दाबून पाहिलं, मग दुसरं, मग चमचाभर तोंडात टाकलं. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

मग दोन्ही वेळचा भात खोक्यात जाऊ लागला. डाळही. टाकीवरची रेघ खाली जायचीच, पण दोन खुणांमधलं अंतर कमी व्हायला लागलं. माझ्याइतकाच त्याचा नाद आता आईंना लागला होता. सकाळी मी उठायच्या आत त्या टाकी पुसून बसलेल्या असायच्या. "इथं का गो ओलं राहतं?" त्या विचारायच्या. "आत बर्फ असतो काय?" मी सांगायचे. आत पातळ गॅस असतो, तो टाकीला लवकर तापू देत नाही म्हणून पाणी सावकाश वाळतं. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुपारी चाचींना तेच समजावून सांगायच्या. ज्यांनी मला ही रेघ दाखवली होती त्यांनाच.

बाबा मध्ये एकदा येऊन गेले. गणपतीनंतर कारखान्यात काम कमी असतं. त्यांना मी खोका दाखवला, सगळी हकिगत सांगितली. ते लाजल्यासारखे हसले. म्हणाले, "बघू, मी भरतो." बुड, कंबर, कोपरे. माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. मग उशी हातात घेऊन थांबले.

"वर हात जात नाय गो," ते म्हणाले. "इतकी वर्षं नाय घातला."

आईंनी त्यांच्या हातातून उशी घेतली आणि दाबून बसवली. बाबांनी जेवताना दोनदा भात मागून घेतला. निघताना पुलापर्यंत मी सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "तू शिकलीस ते बरं झालं." मी म्हणाले, चूक तर आईंनी काढली. ते म्हणाले, "व्हय. पण चार दिवस फुकट घालवून परत करून बघायला पण शिकावं लागतं."

शेवटच्या आठवड्यात रेघ दिसेनाशी झाली. टाकी पूर्ण एकसारखी वाळायला लागली. मी रोज सकाळी काडी ओढताना श्वास रोखायचे. पडवीत ओली लाकडं रचलेली होती आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ज्योत लागायची. छोटी, पण निळी. तेवढी उकळी आणायला पुरायची. बाकीचं काम पेंढा करायचा.

आणि एका सकाळी टेम्पोचा आवाज आला. टाकीवाला खांद्यावर नवी टाकी घेऊन दारात. त्याने जुनी टाकी काढायला हात घातला, उचलून हलवली आणि म्हणाला, "मावशी, हिच्यात अजून हाय थोडा."

माझ्या लक्षात आलं ते त्याच क्षणी आईंच्याही लक्षात आलं. आमची टाकी एकच. नवी हवी तर जुनी द्यायची. इतके दिवस जपलेला गॅस तसाच परत जाणार.

"ठेव ती खाली," आई म्हणाल्या. "चहा घे आधी."

"मावशी, टेम्पो उभा हाय."

"उभाच राहील, कुठं जातोय तो? त्याला काय पाय हायत? बस म्हणते ना. पाऊस बघतोस काय बाहेर? भिजून आलास, असा कोरड्या घशाने गेलास तर तुझी आई मला काय म्हणेल? आणि ड्रायव्हरला पण बोलव, त्याला काय दुसऱ्या घरचा समजू? अगो, दूध ठेव, पाणी ठेव, त्या डाळीला पण उकळी दे, अंघोळीचं पाणी पण ठेव. जा जा, उभी काय राहिलीस!"

मी उभीच राहिले होते, कारण मी मोजत होते. हे सगळं त्या एका दमात बोलल्या होत्या. मधे कुठेही थांबल्या नव्हत्या. खोकल्या नव्हत्या.

टाकीवाला बसला. ड्रायव्हरही आला. त्यांनी चहा घेतला, मग आग्रहाने दुसरा घेतला. दूध उतू गेलं, डाळीला उकळी आली, ती खोक्यात गेली. आई ओट्यापाशी उभ्या राहून ज्योतीकडे बघत होत्या आणि अखंड बोलत होत्या, टेम्पोवाल्याच्या लग्नाबद्दल, पुलावरच्या खड्ड्यांबद्दल. अंघोळीचं पाणी कोमट झालं आणि ज्योत पिवळी पडून विझली.

"आता ने," त्या म्हणाल्या.

नवी टाकी जोडल्यावर मी फडकं ओलं करायला गेले. आई माझ्याआधी पाटावर जाऊन बसल्या होत्या.