तीन सिस्टर आणि शोषखड्डा

सलीमाबी जेसीबीच्या पुढ्यात बसल्या होत्या. रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. पदर डोक्यावर, मांडी घातलेली, पाठ एका सिमेंटच्या चौथऱ्याला टेकलेली. जेसीबीवाल्याने मशीन बंद करून मला फोन लावला होता. "मॅडम, इथं कबरी हायेत. म्हातारी उठून नाही राहिली. आन खरं सांगू का, ती उठली तरी मी बकेट लावणार न्हाई."

मी सरकारी बांधकामाकडची कनिष्ठ अभियंता. गाव नांदेडजवळच्या डोंगरकड्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. मीही आहे.

काम साधं होतं. गावात एक जुना मिशनचा दवाखाना होता. केरळातून आलेल्या कॅथलिक सिस्टर तो चालवायच्या. नव्या सिस्टर मिळेनाशा झाल्या, जुन्या थकल्या, तेव्हा त्यांच्या संस्थेने इमारत आणि जमीन सरकारी आरोग्य केंद्रासाठी देऊन टाकली. आम्ही तिथं नवा प्रसूती वॉर्ड बांधत होतो. वॉर्ड आला की संडास आले, संडास आले की सेप्टिक टँक आला. टँक म्हणजे जमिनीखालची बंद टाकी. मैला तळाला बसतो आणि वरचं घाण पाणी पुढं शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. मुरतं म्हणजे नाहीसं होत नाही. ते कुठंतरी जातंच. कुठं जातं ते बघायचं, यासाठी आम्हाला पगार मिळतो.

साइट प्लॅन एका खाजगी कन्सल्टंटने काढला होता. त्यात इमारतीच्या मागच्या कोपऱ्यावर शोषखड्ड्याचा गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'मोकळी जागा'. माझी बदली नुकतीच झाली होती. प्लॅन मंजूर होऊन माझ्या हातात आला होता.

मी पोचले तर त्या मोकळ्या जागेत तीन कबरी होत्या. सिमेंटचे बुटके चौथरे, डोक्याशी लोखंडी पाइपाचे क्रूस. चुन्याने पांढरे केलेले. नावं मराठीत, कुणीतरी ब्रशने काढलेली. सिस्टर अनुन्सिया. सिस्टर बेनेडिक्टा. सिस्टर लुसिया.

"खाला, या कोण?" मी सलीमाबींना विचारलं.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "उभ्यानं सांगायची गोष्ट न्हाई."

मी बसले. त्यांनी सांगितलं ते असं.

लुसिया सगळ्यात आधी आल्या. बाळंतपणं करायच्या. मराठीचं अक्षर येत नव्हतं. पहिले दोन शब्द शिकल्या ते 'दम धर' आणि 'आता'. तेवढ्या मराठीवर त्यांनी गावातल्या अर्ध्या बाया बाळंत केल्या. स्वभाव कडक. नवरा दारू पिऊन आला की त्याला दवाखान्याच्या पायरीवर बसवून ठेवायच्या आणि लेकराचं तोंड दुसऱ्या दिवशी दाखवायच्या. सलीमाबींचं दुसरं लेकरू पायाळू होतं. सासू म्हणाली, घरीच होईल. लुसिया घरात शिरल्या आणि सासूच्या हातात कंदील देऊन तिलाच कामाला लावलं. सलीमाबींचे मालक सायकली दुरुस्त करायचे. त्यानंतर शिष्टरबाईची सायकल त्यांनी जन्मभर दुरुस्त केली.

बेनेडिक्टांकडं टीबीचे रोगी. टीबीच्या गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात आणि बरं वाटलं की माणूस सोडून देतो. मग बेनेडिक्टा गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या शेतात जायच्या. माणूस कापसात लपला तर शेताच्या धुऱ्यावर बसून राहायच्या. शेवटी तोच रोग त्यांना झाला आणि त्यातच त्या गेल्या.

अनुन्सिया वयानं लहान. एका उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. तेव्हा सगळे नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायचे. अनुन्सिया घरोघर फिरल्या, त्याच घरांत पाणी प्यायल्या आणि साथीत गेल्या. ही पहिली कबर त्यांची. त्यांना माती दिल्यावर लुसियांनी गावाला गोळा केलं आणि उताराला विहीर खणायला लावली. मुसलमान, बौद्ध, मराठे, हटकर, सगळ्यांनी खणली. सलीमाबींनी टोपल्या उचलल्या होत्या.

"ती बघ," त्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. कबरींच्या खाली, उतारावर, दगड फेकला तर पडेल इतक्या अंतरावर बांधीव विहीर होती. दोन बाया पाणी शेंदत होत्या.

माझं डोकं तिथंच फिरलं. कबरी हा एक प्रश्न होता. दवाखान्याचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, मुरमाच्या जमिनीत, हा दुसरा. मुरूम म्हणजे चाळणी. वॉर्डातली घाण त्यातून सरळ विहिरीत उतरली असती. काविळीने मेलेल्या बाईसाठी खणलेली विहीर, आणि आम्ही तिच्यात कावीळ सोडायला मशीन घेऊन आलो होतो. प्लॅनवर विहीर दाखवलेलीच नव्हती.

मी मशीन परत पाठवलं आणि ऑफिस गाठलं.

आमचे डेप्युटी, म्हणजे उपअभियंता, हुशार माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कबरींचे वारस कोण?" त्यांनी विचारलं.

"सर, त्या सिस्टर होत्या. वारस कुठून असणार?"

"मग हरकत कोण घेणार?"

जमीन देताना कबरी तशाच राहतील असं ठरलं होतं, असं गाव म्हणतं, हे मी सांगितलं. कागद आहे का, त्यांनी विचारलं. कागद नव्हता. बोलण्यावर जमीन दिलेली होती आणि बोलणारे अधिकारी कधीच निवृत्त झाले होते. साहेबांनी पेन घेतलं आणि म्हणाले, "अनधिकृत बांधकाम असा रिमार्क मारा. संस्थेला कळवा, न्यायचं असेल तर न्या."

अनधिकृत बांधकाम! ज्यांनी जमीन दिली, त्यांचीच तिथली साडेतीन हात माती अनधिकृत. मी कॉलेजात शिकलेल्या शब्दांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"आणि विहीर, सर?"

"कबरींजवळ विहीर चालते, आणि आपला खड्डा चालत नाही?"

मी म्हटलं, तीन माणसं खोल मातीत आहेत, वर्षं झाली. आपण रोजचं संडासाचं पाणी सोडणार आहोत, तेही बाळंतिणींच्या वॉर्डातलं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. टँक पुढच्या अंगाला, रस्त्याकडं घ्या. इमारत उंचवट्यावर आहे, तिकडंही उतार मिळतो, आणि त्या बाजूला विहीर नाही.

पुढच्या अंगाला काळी जमीन होती. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथं टाकीनंतर खडी-वाळूची गाळणी बांधावी लागते, चर लांब काढावा लागतो. काम किचकट, पण होणारं. साहेबांची अडचण ती नव्हतीच. पुढं पार्किंग होतं आणि उद्घाटनाचा मंडप तिथंच लागणार होता. मंडपाच्या जागी मैल्याच्या टाकीची झाकणं दिसणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

संस्थेला फोन मीच केला. नांदेडहून सिस्टर फिलोमिना बसने आल्या. साठीच्या पुढच्या. लुसियांच्या शेवटच्या वर्षांत यांनीच त्यांचं सगळं केलं होतं. लुसियांना केरळात परत न्यायला माणसं आली होती, तेव्हा 'माझी माणसं इथं आहेत' म्हणून त्यांनी सामान भरायला पेटी उघडलीसुद्धा नव्हती, हे मला फिलोमिनांकडून कळलं.

मला वाटलं होतं, या भांडतील. मला भांडणारं कुणीतरी हवंच होतं. त्या तिन्ही कबरींपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, प्रार्थना केली आणि मला म्हणाल्या, "वॉर्ड अडत असेल तर आम्ही यांना नांदेडला नेतो. हाडं हलवली तरी देवाला पत्ता सापडतो. पण विहीर खराब करू नका. लुसियाने मरताना तेवढंच विचारलं होतं, विहिरीला पाणी आहे ना."

सलीमाबी शेजारी होत्या. त्यांनी हळूच म्हटलं, "हलवू नका, बाई. आमाला तकलीफ होईल."

मला संताप आला तो फिलोमिनांचाही. इतकं सोडून द्यायचं नसतं, असं मी त्यांना बोललेही. त्या नुसत्या हसल्या. नंतर माझ्या लक्षात आलं, सोडून देणाऱ्या माणसाकडून आपण किती सहज घेतो, याचा तो राग होता. त्यांनी घरदार सोडलं, आपण ते गृहीत धरलं. त्यांनी जमीन सोडली, आपण सही करून घेतली. आता त्या जागाही सोडायला तयार होत्या आणि आमच्या ऑफिसात तेवढ्याने सुटकेचा निःश्वास टाकला जाणार होता.

मी ऑफिसात सांगितलं की संस्था कबरी हलवायला तयार आहे, पण विहिरीचं काय? म्हणजे खोटं बोलले नाही आणि मुद्दाही सोडला नाही. पुढच्या आठवड्यात सुधारित प्लॅन टेबलावर आला. आता त्यात विहीर होती. शेजारी शब्द होता, 'बंद'. विहीर वापरात नसली की अंतराचा नियम लागत नाही. खाली माझ्या सहीची जागा होती.

"सर, विहीर चालू आहे. मी सही करणार नाही."

"इंगोले मॅडम, गावात नळयोजना आहे. विहीर कागदोपत्री बंदच आहे."

"नळाला उन्हाळ्यात पाणी येत नाही, सर. तुम्ही एकदा येऊन बघा."

साहेब म्हणाले, सेनगावला एक जागा रिकामी आहे, तिथं माणसाची गरज आहे. मी म्हटलं, ऑर्डर आली की जाईन, पण सही करून जाणार नाही.  घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पोरांची शाळा वर्षाच्या मध्ये बदलावी लागेल. एवढंच म्हणाला. सही कर असं म्हणाला नाही.

साहेब आले. एप्रिलचं ऊन होतं. सोबत ठेकेदार, ड्रायव्हर आणि मी. साहेब जागेवर फिरले, मंडप कुठं लागेल ते ठेकेदाराला दाखवलं, कबरींकडं एकदा पाहून मान फिरवली. विहिरीपर्यंत ते उतरले नाहीत. गाडीतला पाण्याचा जार संपला होता. त्यांनी ड्रायव्हरला पाणी आणायला पाठवलं. ड्रायव्हर गावचा नव्हता. त्याने दवाखान्याचा नळ उघडून पाहिला, कोरडा होता. मग तो सरळ उतारावर गेला आणि तिथं शेंदणाऱ्या बाईकडून बाटली भरून घेऊन आला. साहेबांनी उभ्या उभ्या अर्धी बाटली संपवली.

"गार आहे," ते म्हणाले. "कुठलं?"

"खालच्या विहिरीचं, सर," ड्रायव्हर म्हणाला.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. पण बोलले. "सर, ती बंद विहीर."

ठेकेदार दुसरीकडं बघायला लागला. साहेब बाटलीकडं पाहत राहिले. त्यांच्या तोंडावर राग आला आणि गेला. मग त्यांनी राहिलेलं पाणी ओतून दिलं नाही, पिऊन टाकलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. गाडीत बसताना म्हणाले, "पुढच्या बाजूचं डिझाइन काढा. झाकणं जमिनीबरोबर घ्या."

टँक पुढं झाला. गाळणी मी स्वतः उभी राहून भरून घेतली. कबरी जागेवर राहिल्या. त्यांना कुंपण घालायला आमच्या अंदाजपत्रकात कुठलाच आयटम नव्हता. शेवटी विहिरीच्या संरक्षक भिंतीत कबरी आत घेतल्या. मंजुरीत बदलाचं कारण लिहिलं गेलं, 'तांत्रिक कारणास्तव'. अनुन्सिया, बेनेडिक्टा, लुसिया ही नावं त्या अख्ख्या फायलीत कुठंच नाहीत. त्यांच्या आयुष्याने त्यांना वाचवलं नाही. उताराने वाचवलं. उतार उलटा असता तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

बदलीची ऑर्डर आली नाही. उद्घाटन झालं. साहेबांनी भाषणात सांगितलं की या त्यागी भगिनींच्या स्मृती आमच्या विभागाने आवर्जून जपल्या. टाळ्या पडल्या. दर्शनी भिंतीवर काळ्या दगडाची पाटी लागली. तिच्यावर पाहुण्यांची नावं, अध्यक्षांचं नाव, ठेकेदाराचंसुद्धा. त्या तिघींची नावं घाला, असं मी आधीच लेखी सुचवलं होतं. पाटीचा मजकूर ठरलेला असतो, असं उत्तर आलं. सिस्टर फिलोमिनांना बोलवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी आदल्या दिवशी फोन केला तर त्या म्हणाल्या, ड्यूटी आहे, जमणार नाही, वॉर्ड चांगला झाला ना?

सलीमाबींना वाचता येत नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला पाटी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली.

"शिष्टरबाईचं नाव न्हाई?"

"नाही, खाला."

"काहून?"

 नियम त्यांना सांगण्यासारखा नव्हता.

आता माझ्या हाताखाली नवी पोरं येतात. प्लॅन कॉम्प्युटरवर छान काढतात. मी त्यांना एवढंच सांगते, प्लॅनमध्ये 'मोकळी जागा' असं लिहिलं असेल तर आधी जाऊन तिथं उभं राहा आणि पहिल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कागदावर मोकळ्या जागा पुष्कळ असतात. गावात मला अजून एकही सापडलेली नाही.