काठी आली म्हनून गाडी सोडली

"कुनी सोडायला सांगितलं तुला?" घाडगे सुपरवायझर मला इचारत हुता.

"काठी आली. म्हनून सोडली," म्या म्हनलं.

फुडं वळनावर उसाचा ट्रॅक्टर हुबा हुता. मागची ट्रॉली चारीत कलंडलेली, ऊस समदा मुरमावर. ट्रॅक्टरच्या तोंडाला टेम्पो. टेम्पोचं नाक आत गेलं हुतं आन् ड्रायव्हरचा पाय त्यात अडकला हुता. चार गडी पहार घालून पत्रा वाकवत हुते. ड्रायव्हर पोरगं ओरडत न्हवतं. नुसतं माझ्याकडं बगत हुतं. ट्रॅक्टर पल्याड गाड्या सोडतो त्या भीमण्णाच्या टोकाकडनं आला हुता. टेम्पो म्या सोडला हुता.

आमचं काम काय ते सांगते. सोलापूरकडनं होटगीच्या अंगाला रस्ता रुंद करायचं काम चालू हाय. रस्ता रुंद करायचा म्हंजी एक अंग उकरायचं आन् दुसऱ्या अंगानं गाड्या चालू ठिवायच्या. अर्ध्या रस्त्यावर दोन्हीकडच्या गाड्या मावत न्हाईत. म्हनून एका टायमाला एकाच बाजूच्या सोडायच्या. ह्या टोकाला झेंडा घेऊन मी, त्या टोकाला भीमण्णा. मधी वळन हाय, मुरमाचे ढीग हायत. मला तो दिसत न्हाय, त्याला मी दिसत न्हाय. फोन केला तर रोलरच्या आवाजात काय ऐकू येत न्हाय.

म्हनून काठी. बाभळीची, हातभर, टोकाला लाल फडकं. गाड्या सोडल्या की शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायची आन् सांगायचं, फुडं बाई हाय, तिला दे. माझ्या हातात काठी आली की मी समजायचं, मागं आता कोन न्हाय. मग मी माझ्या गाड्या सोडायच्या आन् माझ्या शेवटच्याला काठी द्यायची. काठी हातात न्हाय त्यानं गाडी सोडायची न्हाय. एवढाच कायदा.

लोक हसायचे. एक फटफटीवाला म्हनला हुता, "मावशी, काठी कुनाच्या लग्नात आहेर करायची का?" म्या म्हनलं, "तुझ्याच पाठीत घालायला सांगितलीय, नेऊन दे."

तर त्या दिशी सकाळी काठी आली. एक फटफटीवाला घेऊन आला. दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या, डोक्यात हेल्मेट. त्याच्या आधी काय गाड्या येऊन गेल्या हुत्या, मग जरा खाडा पडला, मग हा आला. "घ्या मावशी," म्हनला आन् गेला. म्या टेम्पोला हात केला.

घाडगे मला बोलत हुता तवर भीमण्णा चालत आला. घामाघूम झालेला. आन् त्याच्या हातात काठी. बाभळीची, टोकाला लाल फडकं.

"काठी तर माझ्याकडंच हाय," तो म्हनला. "माझ्या गाड्या अजून सुटायल्या हुत्या."

माझ्या हातात एक, त्याच्या हातात एक. घाडगेनं दोन्ही बगितल्या आन् माझ्याकडं वळला.

"काठी एकच असती, आक्का. तुझ्याकडची कुटली?"

"फटफटीवाल्यानं दिली."

"कोन फटफटीवाला?"

"किटल्या हुत्या."

"नाव?"

नाव मला काय ठाव. येनाऱ्या जानाऱ्याला कोन नाव इचारतं.

घाडगे वाईच जवळ आला आन् हळू बोलला. "चहापान्याला पैशे घेऊन सोडत हुतीस न्हवं? आपलीच एक काठी करून ठिवलीस. कुनी इचारलं तर दाखवाय."

"खोटं हाय," म्या म्हनलं.

"पोलीस आल्यावर त्यांना सांग. त्यांना नाव लागतंय. तवर झेंडा खाली ठेव आन् ऑफिसात बस."

ऑफिस म्हंजी पत्र्याचं खोकं. आत टेबल, बाहीर पान्याचा टँकर. थोरला साहेब म्हंजी इंजिनेर, तो दुसऱ्या कामावर गेला हुता. तो आल्यावर माझा निकाल लागनार हुता.

म्या जिंदगीभर रस्त्यावरच काम केलं. खडी फोडली, डांबराच्या टिपाडाखाली जाळ घातला, मुरमाची घमेली वाहिली. नवरा खडीच्या क्रशरवर मेला तवा लेक पोटाशी हुती. आता गुडघं गेलं. बसलं की उठता येत न्हाय, उठलं की बसता येत न्हाय. घमेलं आता डोक्यावर घेता येत न्हाय. झेंडा तेवढा धरता येतो. लेक नवऱ्यानं टाकलेली, घरी विड्या वळती. झेंडा गेला तर मला दुसरं कोन काम देनार? आन् पोलिसात नाव लागलं तर घरात दोघींनी तोंड कुटं घालायचं?

खोक्यात बसून मी इचार करू लागले. पयला संशय भीमण्णावर. भीमण्णा अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलतो. माझ्या टोकाला कडूनिंब हाय, त्याच्या टोकाला सावलीला झुडूपबी न्हाय. उन्हाळ्यात तो म्हनला हुता, आक्का, पंधरवडा जागा बदलू. म्या न्हाय म्हनलं हुतं. गुडघं दुखत्यात म्हनलं, मला सावली पायजे. तो गप गेला हुता. गप जानाऱ्या मानसाचा भरवसा धरू नये. त्यानंच फटफटीवाल्याला काठी देऊन धाडला आसंल. मला घालवायला.

दुसरा संशय घाडगेवर. त्याला कुनाचं तरी नाव द्यायचंच हुतं. माझं स्वस्त पडलं.

दोन्ही काठ्या टेबलाखाली टाकल्या हुत्या. म्या बगितल्या. एक जुनी, हात लागून लागून काळी पडलेली. दुसरीची साल वली, तोडलेल्या टोकाला हिरवट. जुनी माझ्याकडं आलेली. वली भीमण्णाची. म्या घाडगेला दाखवलं.

"ही बगा. खरी काठी माझ्याकडं आली. नवी त्याच्याकडं हुती."

"काठीला काय जन्मदाखला असतो व्हय?" तो म्हनला. "बस खाली."

मी बसले न्हाय. भीमण्णाच्या टोकापतोर चालत गेले. माझ्या जागी घाडगेनं दुसरी बाई हुबी केली हुती, सुमन, आन् वळनावर इशारा करायला एक गडी. ती माझ्याकडं बगनाच. तिलाबी वाटत हुतं की म्या पैशे खाल्ले.

भीमण्णा उन्हात हुबा हुता.

"काठी नवी कशी?" म्या इचारलं.

"येनु?"

"ऐकू आलं न्हाय का? तुझी काठी नवी कशी?"

"आक्का, मला काय इचारू नको."

"का?"

"गाड्या हायत. सरक बाजूला."

गाडी एकबी न्हवती. तो माझ्या डोळ्याला डोळा देत न्हवता. माझी खात्री झाली, ह्यानंच केलं.

घरी लेकीला सांगितलं. ती म्हनली, "आई, फटफटीवाल्याचं तोंड तरी बगितलं हुतंस का?"

"हेल्मेट हुतं."

"मग?"

"किटल्या बगितल्या. एक झाकन निळं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जायच्या आधी रस्त्याच्या कडंला जाऊन हुबी ऱ्हायले. दुधाच्या फटफट्या येळ धरून जात्यात. एकेकाला हात करू लागले. पयला म्हनला, "मावशी, आमी दुधात पानी घालतो, काठी न्हाय." दुसरा थांबलाच न्हाय. तिसऱ्याच्या किटल्या समद्या पांढऱ्या. मला वाटलं, भीमण्णानं त्याला दुसऱ्या वाटनं जायाला सांगितलं आसंल.

मग निळं झाकन आलं. पोरगा आपनहून थांबला आन् हेल्मेट काढलं. कवळं तोंड, मिसरूड नुसती फुटलेली.

"मावशी, काठी मिळाली न्हवं काल?"

असं इचारलं जसं काय माझ्यावर उपकार केला.

"मिळाली," म्या म्हनलं. "तुला कुनी दिली?"

"तुमचा तो त्या टोकाचा बाबा. परवा सांजच्याला."

"परवा?"

"व्हय की. परवा सांजला मीच शेवटचा हुतो. मी काय बोलायच्या आत त्यानं हातात कोंबली आन् वळला. माझी वस्ती तर मधीच हाय, ढिगाच्या पल्याड. फुडं यायचंच न्हवतं मला. घरी गेलो तर आई म्हनली, कंपनीची वस्तू घरात ठिवायची न्हाय, सकाळी दूध घालाय जाताना नेऊन दे. म्हनून काल दिली."

मी दगडावर बसले. पोरगं खरं बोलत हुतं. वस्तू ज्याची त्याला नेऊन दिली, आईनं सांगितलं तसं. आन् तेवढ्यानं टेम्पोवाल्याचा पाय मोडला.

"नाव काय तुझं?"

"सिद्राम."

"चल सिद्राम, ऑफिसात. हेच सायबाला सांग."

"का? काय झालं?"

म्या सांगितलं. ट्रॉली पलटली एवढं त्याला ठाव हुतं, का ते ठाव न्हवतं. 

"पोलीस हाय का त्यात?"

"हाय."

"मग म्या कुनाला काठी दिली न्हाय, मावशी." त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं.

म्या त्याच्या किटलीचा दांडा धरला.

"सोडा. दूध नासंल."

"नासू दे."

"मावशी, जुळे सोलापूरला चाळीस घरं हायत माझी. वाट बगत्यात."

"मग बिगी बिगी सांग आन् जा. न्हाईतर मी हितंच धरून बसते. माझं गुडघं गेलंत, उठायची मला घाई न्हाय."

तो एक डाव किटलीकडं बगायचा, एक डाव रस्त्याकडं. शेवटी फटफटी ढकलत निघाला. म्या दांडा ऑफिसापतोर सोडला न्हाय.

साहेब आला हुता. घाडगे त्याच्या शेजारी हुबा. भीमण्णालाबी बोलावलं. सिद्राम किटल्या दाराशी ठिवून आत आला आन् जसं मला सांगितलं तसं सायबाला सांगितलं. 

साहेब काय इचारायच्या आधी भीमण्णाच बोलला.

"काठी म्याच दिली साहेब. सवयीनं."

सकाळी पयल्या गाड्या भीमण्णाच्या टोकाकडनं सुटत्यात. म्हनून रात्री काठी त्याच्याकडंच ऱ्हायला पायजे. त्या सांजला काम बंद झालं हुतं, मी घरी गेले हुते. पर दिवसभर ज्या हातानं शेवटच्याला काठी दिली त्याच हातानं सिद्रामलाबी दिली. सकाळी बगतो तर काठी न्हाय. मग त्यानं नवी तोडली, फडकं बांधलं आन् काम चालू केलं.

"मग सांगितलं का नाही?" सायबानं इचारलं.

भीमण्णानं घाडगेकडं बगितलं. "कोन हरवला म्हनून त्या शिवा गड्याला कामावरनं काढलं की ह्यांनी." कोन म्हंजी रस्त्यावर ठिवत्यात ती लाल टोपी. "म्हनलं, काठीच ती. बाभळी काय कमी हायत? जुनी परत येईल असं कुटं वाटलं हुतं."

 मग साहेब घाडगेला म्हनला, "वायरलेसचे दोन सेट दिले होते साइटला. ते कुठे आहेत?"

"चार्जिंगला हायत साहेब."

आमी दोघांनी एकमेकाकडं बगितलं. वायरलेस म्हंजी काय, ते आमाला ठाव न्हवतं. साहेबानं सांगितलं, हातात धरून एकमेकाशी बोलायचं यंत्र. रोलर चालू असला तरी ऐकू येतं.

दुसऱ्या दिशी सेट आले. त्यावर प्लास्टिक तसंच हुतं. घाडगे म्हनला, तुमच्या हातनं पडतील, फुटतील, म्हनून कपाटात ठिवले हुते. मला हे खरं वाटत न्हाय. कपाट म्या त्या दोन दिसात बसल्या बसल्या बगितलं हुतं, त्यात डबे हुते आन् घाडगेची चप्पल. सेट कुटं हुते, कुनाच्या घरात पडले हुते, मला ठाव न्हाय. पुरावा न्हाय म्हनून जास्त बोलत न्हाय.

पोलीस येऊन गेले. काय लिवलं ते कुनी मला वाचून दाखवलं न्हाय. तुझं नाव न्हाय एवढं साहेब म्हनला. मग कुनाचं हाय, असं म्या इचारलं. तो म्हनला, "आता काम करा मावशी." भीमण्णाला झेंड्यावरनं काढलं आन् मुरूम पसरायला लावलं. घाडगे हाय तितंच हाय.

भीमण्णा एक डाव पान्याच्या टँकरपाशी भेटला. म्हनला, "तू इचारलंस तवाच मी सांगाय पायजे हुतं, आक्का."

"व्हय. पायजे हुतं," म्या म्हनलं. "आन् मला तूच मुद्दाम केलंस असं वाटलं हुतं."

"सावलीसाठी?"

"व्हय."

तो हसला न्हाय. घमेलं उचललं आन् गेला.

सुट्टीच्या दिशी सरकारी दवाखान्यात टेम्पोवाल्याला बगायला गेले. पायात सळई घातली हुती. त्याची बायको माझ्याकडं पाठ करून बसली. म्या त्याला काठीचं समदं सांगितलं, परवाची काठी काल कशी आली, कोन इसरलं, कुनी लपवलं. त्यानं शेवटपतोर ऐकलं.

"मला त्यातलं काय ठाव न्हाय, मावशी," तो म्हनला. "तुमी हात केला म्हनून मी निघालो."

 खरंच हुतं त्याचं. केळी ठिवली आन् आले.

आता हातात वायरलेस असतो. त्याची बॅटरी उतरली की परत काठी चालू हुती. कुनी काठी आनून दिली की मी आधी इचारते, कुटनं आलास? कवा घेतलीस? मागं कोन हाय का? लोक वैतागत्यात. मागनं हॉर्न वाजत्यात. वाजू देते. हरवलेली वस्तू चांगल्या मानसानं परत आनून दिली तर घ्यावी, त्याला बरं बोलावं. पर तिच्या भरवशावर गाडी सोडू नये.