कापसाची खोली

नव्या कापसाचा तो उबदार, सरकीचा वास आला की मला अकोल्याजवळच्या सासरची एक खोली आठवते. त्या हंगामात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सासऱ्यांनी त्या खोलीत कमरेइतका कापूस भरून ठेवला होता. त्याच दिवसांत तापाने माझा डावा कान गेला आणि त्याच्याबरोबर पायांखालची जमीनही गेली. मान वळवली की घर फिरायचं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे, माहेरी धाडा. मी डोळे मिटून बाजेवर पडून राहायचे. एका दुपारी सासूबाईंनी हाताला धरून मला त्या खोलीत आणलं. "चाल वं." "पडते न, आत्याबाई." "पड. कापसात कोनाले लागलं काय आजवर?" मी पडले, उठले, पुन्हा पडले. झरोक्याच्या उन्हात कापसाचे तंतू तरंगायचे; त्यांच्यामागे मान वळवत मी रोज चालायचे आणि हळूहळू घर कमी फिरू लागलं. अमरावतीच्या बाजारी जायच्या बैलबंड्या दारात लागल्या तेव्हा सासूबाई त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. "हा कापूस नाई जात. सुनेचे पाय अजून जमिनीले टेकले नाई." सासरे कळवळले, "भाव उतरून राहिला न वं!" त्या हलल्या नाहीत. तो कापूस पुढे मातीमोल गेला, पण तोवर मी डोईवर घागर घेऊन विहिरीवरून येऊ लागले होते. सासूबाई जाऊन वर्षं झाली. दिवा विझला की अजूनही जमीन कलते, आणि माझ्या त्या बहिऱ्या कानात कुणीतरी ठणकावून म्हणतं, "पड." मग मी नीट चालते.